पलीकडचा हिरवा कोट

१

किनव्हिगांच्या घरी मोटरसायकलींच्या शर्यतीच्या दिवसाची आखणी मे महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हायची. जेवण आटोपलं की ईअन टेबल पुसायचा, कपाटातला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढायचा आणि बायकोला, व्हॉरीला, म्हणायचा, "चला बाईसाहेब, डोंगर चढायचाय."

डब्यात शर्यतीच्या पुस्तिका असत. ईअनने डोंगरावरची ट्राम तीस वर्षं चालवली, आणि शर्यतीच्या दिवसांत रजा काढून तो रस्त्याच्या कडेला मार्शल म्हणून झेंडा घेऊन उभा राहायचा. गुडघे बोलायला लागले तेव्हा झेंडा दुसऱ्याला दिला आणि बायकोशेजारी गवतात बसून शर्यत बघायला शिकला. बेटावरच्या स्नेफेल डोंगराच्या उतारावर, रस्त्याच्या वरच्या अंगाला, दोघांपुरता एक खळगा त्याने हेरून ठेवला होता. तेव्हापासून अकरा शर्यती त्यांनी तिथून पाहिल्या. मध्ये दोन वर्षं शर्यती झाल्याच नाहीत, तेव्हा ईअन घरभर हरवल्यासारखा फिरला होता.

प्रत्येक पुस्तिकेच्या समासात त्याचं पेन्सिलीचं बारीक अक्षर. वारा कुठून, धुकं किती वाजता उठलं, कोण कुठे घसरला, सँडविचमध्ये काय होतं आणि व्हॉरी कशावरून रुसली. माणसाने नोंद ठेवली की दिवस दोनदा जगता येतो, असं त्याचं म्हणणं. व्हॉरीचं म्हणणं असं की तिच्या रुसण्याची तरी नोंद नको.

या वर्षी मात्र डबा काढताना तो मध्येच थांबला आणि कपाटाला हात टेकून उभा राहिला. व्हॉरीने भांडी विसळत असल्याचं सोंग केलं. डग्लस शहरातल्या डॉक्टरणीने जुलैतली तारीख दिली होती. लिव्हरपूलला जायचं, छाती उघडायची, हृदयाची झडप बदलायची. तोवर जिना चढतानाही बेताने.

"या वर्षी रेडिओवर ऐकली तर?" व्हॉरीने नळाकडे बघत विचारलं.

"रेडिओवर लग्न लावता येतं का?"

"तू मेलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही, सांगून ठेवते."

"मग जिवंत राहण्यावाचून गत्यंतर नाही," ईअन म्हणाला आणि पेन्सिलीला टोक करायला बसला.

२

यादी तो सांगायचा आणि ती लिहायची. थर्मास एक. कप दोन. चौकड्यांची घोंगडी. बॉनॅगचा पाव, लोणी, चीज. रेडिओ, आणि त्याचे जास्तीचे सेल, कारण तिसऱ्या फेरीत सेल संपतात हा घरचा नियम. दहाला रस्ता बंद होतो म्हणजे आठला गाडी लागली पाहिजे. शर्यतीचा रस्ता गोल फिरून येतो, त्यामुळे एकदा तो बंद झाला की आतला माणूस आत आणि बाहेरचा बाहेर. शेवटची फेरी संपून 'रस्ता खुला'ची पाटी लावलेली गाडी समोरून जाईपर्यंत डांबराला पाय लावायचा नाही, हे बेटावरची पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात.

"मागच्या वर्षी किती वाजता निघालो होतो?" ईअनने विचारलं.

व्हॉरीने वरची पुस्तिका उघडली. वेळ शोधता शोधता तिची नजर एका ओळीवर थांबली. *पलीकडचा आज कुंपणापाशी. हिरवा कोट, पिवळी टोपी. नेहमीप्रमाणे दोन कप.*

पलीकडचा हा त्यांचा जुना गडी. रस्त्याच्या त्या बाजूला, समोरच्या उतारावर दरवर्षी बसायचा. कोटाची पिवळी टोपी ओढलेली, त्यामुळे तोंड कधी दिसलं नाही. ईअन त्याच्याकडे कप उंचावायचा, तोही उंचावायचा. रस्ता खुला झाला की वर बघावं तर जागा रिकामी. "काय चपळ आवरतो लेकाचा," असं ईअन दर वर्षी म्हणे.

तिने त्याच्या आदल्या वर्षीची पुस्तिका काढली. *पलीकडचा ओढ्याच्या काठी.* त्याच्या आदल्या वर्षी पिवळ्या झुडपांत. मग तिने सगळ्याच उलटून पाहिल्या. सर्वांत पहिल्या वर्षी तो वर, पार वर, दगडी भिंतीशी होता. दुसऱ्या वर्षी मेंढ्यांच्या फाटकापाशी. दर वर्षी वीसतीस पावलं खाली. मागच्या वर्षी रस्त्याच्या कुंपणाला गुडघे लावून.

हे आपल्या कधीच लक्षात कसं आलं नाही, याचं तिला आश्चर्य वाटलं. वर्षातून एकदा बघणार, ते काय लक्षात राहणार. तिने पोस्टात जन्म घालवला होता, हाती आलेल्या गोष्टीवर पत्ता शोधायची तिला सवय. म्हातारा असेल, वय झालं, चढवत नसेल, म्हणून दर वर्षी थोडं खाली बसत असेल. हे पटण्यासारखं होतं.

मग तिला मागचं वर्ष आठवलं. मोटरसायकली नाकासमोरून जात होत्या आणि पलीकडच्याची मान एकदाही वळली नव्हती. तो इकडे बघत होता. तिनेच थट्टा केली होती, "हा शर्यत बघायला आलाय की तुला?"

"सापडली का वेळ?" ईअनने विचारलं.

"सव्वासात," व्हॉरी म्हणाली. या वर्षी पलीकडच्याला खाली सरकायला फक्त रस्ता उरला होता, आणि रस्त्याच्या अलीकडे त्यांचा खळगा.

३

त्या रात्री तिला झोप लागली, ती काही घाबरट बाई नव्हती. पण सकाळी भांडी घासताना तिला पाचव्या वर्षीची गोष्ट आठवली आणि हातातला कप तसाच राहिला.

त्या वर्षी ईअनला पाहुणचाराचा झटका आला होता. "बिचारा एकटाच बसतो," म्हणून तो दोन फेऱ्यांच्या मध्ये कपात चहा घेऊन निघाला. बंगलो नावाच्या ट्रामच्या थांब्यापाशी रस्त्यावरून लोखंडी पूल आहे, तिथून चढून, पलीकडे उतरून, अर्धा मैल चालत. व्हॉरी खळग्यातून बघत होती. हिरवा कोट खडकाशेजारी बसला होता. ईअन त्याच्यापाशी पोचला. हिरवा कोट उठून उभा राहिला. दोघं समोरासमोर, हातभर अंतरावर. ईअन इकडेतिकडे बघत राहिला, मग कप खडकावर ठेवला आणि परत फिरला.

"काय म्हणाला रे?" तिने विचारलं होतं.

"कोण? तिथे कुणीच नव्हतं."

"अरे, तुझ्या नाकासमोर उभा होता!"

"तुला चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायला हवा," ईअन म्हणाला होता, आणि तिने खरंच पुढच्या आठवड्यात नंबर तपासून घेतला होता. वाढलेला होता. त्यामुळे विषय तिथेच संपला.

तिने आता डबा उघडून पाचवी पुस्तिका काढली. ईअनने लिहिलं होतं: *चहा घेऊन पलीकडे गेलो. कुणी नाही. व्हॉरीला भास. पण त्या खडकापाशी वारा एकदम पडलेला. बरं वाटलं. निघावंसं वाटेना.*

पुस्तिका तिने डब्यात तळाशी घातली. नवऱ्याच्या छातीत झडप फाटलेली, आणि कोणीतरी अकरा वर्षं त्याच्याकडे पावलापावलाने येतंय. मनातल्या मनात जरी म्हटलं तरी ते वेडगळ वाटत होतं. तरी तिने म्हटलं.

४

ईअनला डोंगरापासून तोडणं तिच्याच्याने होणार नव्हतं. म्हणून तिने आखणीच बदलली.

"या वर्षी आपण पलीकडे बसायचं," तिने जेवताना सांगितलं. "वर, दगडी भिंतीशी."

ईअनने काटा खाली ठेवला. "अकरा वर्षांची जागा सोडून?"

"खळगा आहे रस्त्याच्या आत. शर्यत चालू असताना तुझ्या छातीत कळ आली तर? पुलाच्या पायऱ्या चढणार? पलीकडे बसलो तर सरळ ट्रामने खाली लॅक्सीला, आपल्या दारात."

आत आणि बाहेर हा हिशेब बेटावरच्या माणसाला पटतोच. खरं कारण तिने पोटात ठेवलं. तो रस्त्यापाशी आला असेल तर आपण त्याच्या पाठीमागे असू, पार वर. त्याने खुशाल रस्ता ओलांडावा आणि रिकामा खळगा बघून यावं.

"पलीकडच्याची पहिली जागा ती," ईअन म्हणाला. "रागावेल बरं का."

"रागावू दे."

"आज तुझं बिनसलंय काहीतरी." त्याने टेबलावरून तिचा हात ओढून घेतला. "अगं, वेळ भरपूर आहे." ही बेटावरची जुनी म्हण, आळशी लोकांची. व्हॉरीने लग्नापासून हजारदा ऐकली होती आणि हजारदा तिच्यावरून भांडली होती. या वेळी तिने फक्त त्याचा हात दाबला.

५

शर्यतीच्या आदल्या दिवशी तो रॅमझीला गेला आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला.

"तुझा लाल कोट गळतो. दर वर्षी भिजतेस, मग माझ्यावर चिडतेस, मग मला ते लिहावं लागतं. सोड, उघड."

गडद हिरवा कोट होता. पिवळी टोपी.

व्हॉरीने कोटाला हात लावला नाही. ईअनचा चेहरा हळूहळू पडत गेला.

"आवडला नाही?"

"हाच का घेतलास?"

"पलीकडच्याचा बघून मला आवडायचा. लांबून उठून दिसतो. म्हटलं, डोंगरावर कधी हरवलीस तर मला सापडशील." तो कागदाची घडी घालायला लागला. "बदलून देतो म्हणालाय दुकानदार."

असे कोट निम्म्या बेटाकडे असतील, तिने स्वतःला बजावलं. दुकानात टांगलेले असतात, कोणीही घेतं. तिने कोट अंगात घातला, टोपी डोक्यावर ओढली आणि त्याच्यासमोर गोल फिरून दाखवलं. तो इतका खूश झाला की तिला भडभडून आलं.

"रडतेस काय?"

"महाग असणार मेला," ती म्हणाली.

६

सकाळी मॅनॅननने डोंगरावर घोंगडी ओढली होती. बेटाचा हा दंतकथेतला जुना मालक धुकं पांघरून बसला की जखमींसाठीचं हेलिकॉप्टर उडत नाही, आणि हेलिकॉप्टर नाही तर शर्यत नाही. ती दोघं ट्रामने वर आली आणि मेंढ्यांच्या वाटेने थांबत थांबत भिंतीपाशी पोचली. ईअन दर पन्नास पावलांवर 'देखावा बघायला' उभा राहत होता. धुक्यात कसला आलाय देखावा, पण व्हॉरीही त्याच्याबरोबर बघत राहिली.

दुपारी एकला धुकं उठलं. रेडिओवर पहिला स्वार सुटल्याचं सांगितलं. तिने खाली नजर टाकली. कुंपणापाशी कोणी नव्हतं. ओढ्याकाठी नाही, खडकापाशी नाही, फाटकापाशी नाही. सबंध उतार मोकळा होता. तिला इतकं हलकं वाटलं की तिने बॉनॅगला दुप्पट लोणी लावलं.

"वारा झोंबतोय," ईअन म्हणाला. "मी भिंतीमागे बसतो. मला कुठे बघायचंय, कानांनी कळतं." तो भिंतीआड खाली टेकला आणि डोळे मिटले. घोंगडी तिने त्याच्या मानेपर्यंत ओढली. त्याने बसल्या बसल्या हात वर करून दोन्ही कप भिंतीवर ठेवले आणि म्हणाला, "ओत."

पहिल्या फेरीचे स्वार दहा दहा सेकंदांनी गेले. आवाज आधी दरीत घुमायचा, मग रस्त्यावर काहीतरी चमकायचं आणि संपायचं. भिंतीमागून ईअन एकेकाचं यंत्र ओळखून सांगत होता. चौथ्या फेरीत तिने एक घोट घेऊन कप भिंतीवर ठेवला आणि तिची नजर समोर गेली.

खळग्यात दोघं बसली होती.

"ईअन, आपल्या जागेवर कोणीतरी आहे."

"पटकावली ना शेवटी. कसे आहेत?"

"एक बाई. लाल कोट."

"चव आहे बाईला."

बाईच्या शेजारी पुरुष होता. डोक्यावर करडी टोपी, लोकरीचा गोंडा लावलेली. तशी टोपी ईअनकडे होती. सहा वर्षांपूर्वी बोटीच्या कठड्यावरून वाऱ्याने समुद्रात नेली, त्यावर तो आठवडाभर हळहळला होता. गोंडा व्हॉरीनेच लावला होता, जरा वाकडा. इतक्या लांबून गोंडा वाकडा आहे की नाही ते दिसत नाही, असं तिने मनाला सांगितलं.

पुरुषाने कप उंचावला. मग मांडीवरची पुस्तिका उघडली.

काय लिहिलं जाणार होतं ते व्हॉरीला पाठ होतं. *भिंतीशी कुणीतरी. हिरवा कोट, पिवळी टोपी. दोन कप, आणि एकटाच पितो, लोभी.* पहिल्या वर्षीची नोंद.

एकटाच.

"ईअन, ऊठ. उभा राहा."

"चौथी फेरी येऊ दे."

"चौथीच चाललीय. ऊठ! त्यांना दिसू दे तू!"

"कुणाला?"

तिने दोन्ही हात वर केले आणि हलवायला लागली. इकडे बघा, आम्ही दोघं आहोत, लिहा, दोघं. हात हवेत असतानाच तिला नोंदीची पुढची ओळ आठवली. *मध्येच उठून दोन्ही हात हलवू लागला. बोलावतोय की हाकलतोय कळेना.* तरी तिने हात खाली घेतले नाहीत.

ईअन कुरकुरत भिंतीला धरून उठला. एकदम उठला, त्यामुळे तोंडाचा रंग गेला. "कुठेत? मला तर खळग्यात कुणी दिसत नाही," तो धापा टाकत म्हणाला. तिने समोर पाहिलं. गोंड्याची टोपी पुस्तिकेवर वाकलेली होती. लाल कोटवाली थर्मासचं झाकण लावत होती.

"एक मिनिट थांब. तो वर बघेल आता."

"व्हॉरी, मला बसायला हवं गं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ओठ निळसर झाले होते, आणि तरी तो तिच्यासाठी उभा होता. ती क्षणभर अडली. मग तिने त्याला काखेत धरून खाली बसवलं आणि स्वतःही भिंतीआड त्याला चिकटून बसली. बाकीच्या फेऱ्या दोघांनी कानांनी ऐकल्या. त्याचा श्वास हळूहळू जागेवर आला.

"काय झालं होतं?" त्याने विचारलं.

"आवडला मला कोट," ती म्हणाली. "सांगायचं राहून गेलं होतं."

'रस्ता खुला'ची गाडी गेली तेव्हा ती उठली. खळगा रिकामा होता. दोन कप भिंतीवर तसेच होते, चहा गार झालेला.

७

जुलैत ईअन लिव्हरपूलला गेला. डॉक्टरांनी हात टेकले, आणि बोटीतून व्हॉरी एकटी परत आली.

पुढच्या वर्षी मेच्या पहिल्या रविवारी तिने टेबल पुसलं. फोनवर मुलगी, ब्रीशा, पील गावाहून समजावत होती. "आई, एकटीने डोंगरावर कशाला? माझ्याकडे ये, आपण रेडिओ लावू."

"एकटी कुठे गं. दोन हजार माणसं असतात डोंगरावर."

"आणि दमलीस तर?"

"या वर्षी जरा खाली बसणार आहे. फाटकापाशी."

फोन ठेवून तिने डबा उघडला. आता तिला कसलं कोडं उरलं नव्हतं, आणि भीती होती ती वेगळीच. खळग्यातल्या अकरा पुस्तिका म्हणजे त्याला बघायच्या अकरा वेळा. त्यातली एक भिंतीशी खर्च झाली होती, आणि ती तिने हात हलवण्यात घालवली, त्याच्याकडे धड पाहिलंसुद्धा नाही. फाटक वीस पावलं खाली. तिथून गोंडा वाकडा आहे की नाही ते कळेल. झुडपांतून चेहरा दिसेल. कुंपणापासून तो चहावर फुंकर घालतो ते दिसेल. त्यानंतर काय, ते पुस्तिकेत नव्हतं. ते तिने तूर्त बाजूला ठेवलं.

शर्यत बघायची तिला कधीच फार हौस नव्हती. मान वळवायचं काही कारण नव्हतं.

तिने पेन्सिलीला टोक केलं. थर्मास एक. कप दोन. बॉनॅग. हिरवा कोट. रेडिओचे सेल तिने लिहिले आणि खोडले.

मग तिने डब्याच्या तळातून पाचवी पुस्तिका काढली आणि त्याची ओळ पुन्हा वाचली. *निघावंसं वाटेना.* त्या वर्षी तो पूल चढून, अर्धा मैल चालत, हातात चहा घेऊन येणार होता, आणि हातभर अंतरावर उभा राहणार होता. ती उठून उभी राहील. वारा त्याच्या अंगाला लागणार नाही अशी उभी राहील.

त्या भेटीला अजून तीन वर्षं होती. तिने खुर्चीतून उठताना गुडघा दाबून पाहिला आणि यादीत खाली लिहिलं: गुडघ्याचं तेल.